दुर्बिणीच्या कडेचं कुंकू

१

देवघरात नंदादीप तडतडला.

आवाज तो केवढा, पण दसऱ्याच्या त्या पहाटे घरावर अशी शांतता होती की तेवढ्यानंही कस्तुराला जाग आली. कुशीत छबू झोपली होती. पाच वर्षांची झाली तरी आईचा पदर मुठीत धरल्याशिवाय तिला झोप येत नसे. कस्तुरानं एकेक बोट उकलून पदर सोडवला, लेकीच्या अंगावर गोधडी सारखी केली आणि तेलाची बुधली घेऊन ती उठली. नवरात्राचा दिवा शेवटच्या पहाटे विझला तर सासूबाई, म्हणजे चिमाबाई, वर्षभर तेच उगाळत बसल्या असत्या.

तेल मिळताच ज्योत उभी राहिली आणि त्या उजेडात समोरचा पाट दिसला. आदल्या दिवशी खंडेनवमीला पुजलेली घरातली हत्यारं त्यावर मांडली होती. कोयता, विळे, नांगराचा फाळ, आणि तिच्या नवऱ्यानं, जयसिंगनं, भोसरीच्या कारखान्यातून हौसेनं आणलेला, केसभर जाडी मोजणारा मायक्रोमीटर. मधोमध झेंडूची लांब माळ. ती काल त्याच्या नव्या रायफलीभोवती घातलेली होती. आता नुसतीच माळ पाटावर पडली होती. रायफल नव्हती.

गेला असेल घेऊन, असं तिला आधी वाटलं. मग वाटलं, छे. पुजलेलं हत्यार सीमोल्लंघनाआधी हलवायचं नाही, एवढ्यासाठी तर त्या माणसानं रात्रभर ते कुलपाबाहेर राहू दिलं होतं. एरवी किल्ली कमरेच्या करदोड्यातून न काढणारा तो माणूस.

तेवढ्यात शेताकडून बार झाला.

घर खडबडून उठलं. ओसरीवर निजलेले सासरे, अण्णासाहेब, काठी चाचपत उभे राहिले. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळे ते नुसतंच विचारत राहिले, कुणी बार काढला, कुणी काढला. शेजारच्या अंथरुणावर जयसिंग नव्हता. बायका कंदील घेऊन बांधापर्यंत पोचल्या तेव्हा तो ज्वारीतून बाहेर येत होता. रायफल त्याच्या हातात होती आणि तो चालत होता झोपेत चालल्यासारखा.

"डुक्कर समजून मारलं," तो म्हणाला. "माझ्या हातून आपल्या रानातला भिवादा गेला."

२

ही रायफल घरात आली कशी, ते सांगायला हवं.

जयसिंग घरातला धाकटा. भोसरीच्या औद्योगिक इस्टेटीतल्या एका कारखान्यात टूलरूममध्ये कामाला, आणि बायकापोरीसह तिथंच चाळीतल्या एका खोलीत राहायला; सणावाराला तेवढा वाडीवरच्या घरी. माप केसभर चुकलं तर त्याला जेवण जात नसे. बुटका, बांधा भरलेला, मान अशी नाहीच. चाकणच्या पलीकडे वाडीवरची जमीन थोरला भाऊ रंगराव कसायचा. तो उंच, लांब हातांचा, आणि मान पुढं काढून चालायचा. वडिलांनी नाद केले त्या वर्षांत यानंच धाकट्याला शिकवलं, म्हणून जयसिंग त्याला आबा म्हणे आणि आबांच्या शब्दापुढं पाऊल टाकत नसे.

रानडुकरं भुईमूग उकरायला लागली तेव्हा आबाच मागं लागले, लायसन काढ म्हणून. त्यांच्या स्वतःच्या नावावर जुनी मारामारीची केस होती, त्यांना मिळालं नसतं. जयसिंगनं कधी हातात गलोल धरलेली नव्हती. तरी त्यानं अर्ज केला, चौकशांना तोंड दिलं, हेलपाटे घातले, आणि शेवटी लायसन मिळालं. चहाच्या मळ्यावर नोकरी करून पुण्यात येऊन वारलेल्या कुणा साहेबाची ऑस्ट्रियात घडलेली शिकारी रायफल होती. साहेबाच्या बायकोनं कॅम्पातल्या एका परवाना असलेल्या दुकानात विकायला ठेवली होती. ती जयसिंगनं घेतली. कारखान्यातली पोरं त्याला गमतीनं संस्थानिक म्हणायला लागली.

पण साहेब असावा उंच. रायफलीची लाकडी बट जयसिंगच्या खांद्याला लांब व्हायची, चापावर बोट पोचेना. वाडीचा सुतार म्हणाला, आणा इकडं, करवतीनं कापून देतो. जयसिंग घाबरलाच. तो कचेरीत गेला आणि रीतसर विचारून आला, यात काय बदलता येतं आणि काय नाही. तिथल्या कारकुनानं कपाळाला हात लावत सांगितलं, की बट लहान करा, वर दुर्बीण बसवा, रबराची गादी लावा, हवं ते करा, पण परवाना असलेल्या मिस्त्रीकडूनच. नळीला करवत लावायची नाही आणि नंबराला कानस लागता कामा नये. एवढं ऐकून जयसिंग इतका खूश झाला की त्या संध्याकाळी छबूला पिंपरीच्या बाजारातून फुगा घेऊन आला.

कॅम्पातल्या त्या दुकानात लालमहंमद नावाचे म्हातारे मिस्त्री होते. त्यांनी जयसिंगला उभं केलं, कोपर दुमडायला लावलं आणि कोपराच्या खोबणीपासून बोटाच्या पेरापर्यंत माप घेतलं. शिंपी बाहीचं घेतो तसं. कस्तुरा छबूला कडेवर घेऊन बघत होती. मग त्यांनी वर दुर्बीण चढवली आणि जयसिंगला डोळा लावायला सांगून ती पुढं-मागं सरकवत राहिले. चौपट मोठं दाखवणारी काच होती. रस्त्यापलीकडच्या पानवाल्याच्या मिशा मोजता आल्या म्हणून जयसिंग लहान मुलासारखा हसला.

"आता ही तुमची झाली, जयसिंगराव," मिस्त्री म्हणाले. "दुसऱ्या कुणाच्या खांद्याला लावू नका. माझी ही भुवई बघा."

त्यांच्या उजव्या भुवईवर नखाच्या कोरीसारखा, अर्ध्या चंद्राचा पांढरा व्रण होता. तरुणपणी दुसऱ्याच्या मापाची रायफल उडवली होती. बार सुटला की ती मागं लाथ मारते. डोळा जवळ गेलेला असेल तर दुर्बिणीची कड भुवईत घुसते. त्यांनी छबूला तो व्रण बोट लावून बघू दिला.

हे सगळं गेल्या उन्हाळ्यातलं. त्यानंतर जयसिंगनं वाडीवर मातीच्या ढिगाऱ्यावर चार-दोन बार काढले होते. त्याला ओरखडाही आला नव्हता.

३

दसऱ्याच्या दिवशी दुपारी रंगराव परतला. आदल्या रात्रीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, पहिल्या एस.टी.नं निमगावच्या खंडोबाला जाणार म्हणून. कपाळ भंडाऱ्यानं पिवळंधमक भरलेलं. दारात पोलीस बघून तो मटकन खाली बसला आणि त्यानं गळा काढला. भावाला जीपमध्ये बसवताना त्यानं छातीशी धरलं, कानात काही बोलला. लोकांना भरून आलं. राम-लक्ष्मण, कुणी म्हणालं.

अण्णासाहेबांनी घरातल्या सगळ्यांना सांगितलं, की डुकराच्या नादात माणूस गेला, अपघात आहे, लायसन आहे, कायदा आपल्या बाजूला आहे. थोडी सजा होईल न होईल, पोरगा घरी येईल. कुणी जास्तीचं बोलायचं नाही.

कस्तुरा छबूला घेऊन भोसरीच्या खोलीवर आली. शेजारच्या कनीजनं भाकरी आणून दिली, ती तशीच राहिली. आणि दिवाळीचं सामान बाजारात यायला लागलं तेव्हा एक दिवस फौजदार तिच्या दारात उभे राहिले.

सोपानराव त्यांचं नाव. पोट सुटलेला, दमेकरी माणूस. खाटेवर न बसता उंबऱ्याशीच टेकले, पाणी मागितलं.

"तुमचे मिस्टर प्रत्येक प्रश्नाचं बरोबर उत्तर देतात, बाई," ते म्हणाले. "पहिल्यांदा बंदूक उडवून माणूस मारलेल्याला एवढी बरोबर उत्तरं नसतात. तो अडखळतो, रडतो. हे पाठ म्हणतात."

मग त्यांनी अडचण सांगितली. भिवा हा त्या जमिनीतल्या रस्त्याकडेच्या पट्टीचं जुनं कूळ. एका कंपनीला सगळी जागा सलग हवी होती आणि भिवा पट्टी सोडत नव्हता. घरच्यांचं त्याच्याशी वाजलेलं साऱ्या वाडीला ठाऊक. हा अपघात आहे की दावा साधलाय, ते वरिष्ठ विचारत होते. खून ठरला तर जन्मठेप, आणि कबूल केलेला आरोपी हातात होताच.

उठता उठता ते म्हणाले, की रायफलीला तुमची पूजा बाकी जोरात होती, दुर्बिणीच्या कडेलासुद्धा कुंकू होतं.

कस्तुरानं तांब्या खाली ठेवला.

"कडेला?"

"मागच्या, डोळ्याकडच्या. वाळून काळपट झालंय. घरातले सगळे म्हणाले, पूजेचं."

फौजदार गेल्यावर तिनं खंडेनवमीची ती पूजा पुन्हा आठवून बघितली. रायफलीची पूजा तिनं केली होती. धाकट्या सुनेचा मान म्हणून सासूबाईंनी ताट तिच्याच हाती दिलं होतं. ती दुर्बिणीला बोट लावणार तोच जयसिंगनं तिचा हात धरला होता. काचेवर कण गेला तर वाया जाईल, बटेला लाव, असं म्हणून त्यानं तिचा हात स्वतःच बटेवर नेला होता, आणि चारचौघांत हात धरला म्हणून ती लाजली होती.

दुर्बिणीला कुंकू लागलंच नव्हतं. मग कडेचा तो डाग कसला होता, ते सांगायला मिस्त्री नकोत. जयसिंगची भुवई तर तिनं जीपमध्ये बसताना पाहिली होती. कोरी होती.

४

दुसऱ्या दिवशी छबूला कनीजकडं सोडून ती चाकणच्या गाडीत बसली. घरी जायच्या आधी ती बौद्धवाड्यात गेली, भिवाच्या बायकोकडं. पाय निघत नव्हता. मनात काय होतं हे तिचं तिला माहीत होतं. त्या बाईच्या पाया पडायचं, अपघात म्हणा म्हणायचं, आणि नवरा सोडवायचा. खरं कोण ते मग बघता येईल.

गिरजाबाईनं तिला बस म्हटलं नाही. जा असंही म्हटलं नाही. गवऱ्या थापता थापता ती बोलत राहिली, जणू गवऱ्यांनाच सांगते आहे. मला कुणी काही विचारलंच नाही, म्हणाली. पंच तुमच्या आळीचे, सही तुमच्या आळीची. दसरा म्हणजे आमचा धम्मदीक्षेचा दिवस. पहाटे वंदना असते, पांढरे कपडे घालून जायचं असतं. आदल्या दिवशी मी दोनदा नीळ देऊन धोतर-सदरा धुतला होता. विहाराला जायला तुमच्या ज्वारीच्या बांधावरनंच वाट आहे, दर साली तीच वाट.

मग तिनं हात थांबवले आणि पहिल्यांदा कस्तुराकडं बघितलं.

"पांढरंफेक माणूस बांधावर हुबं. डुक्कर पांढरं असतंय का, बाय?"

तिनं शेणाचा पुढचा गोळा उचलला.

"मी आता तालुक्याला जाऊन सांगणार हाय," गिरजाबाई म्हणाली. "जयसिंग माझ्या मांडीवर खेळलेला. आमच्या मालकांनी त्याला खांद्यावर घेऊन जत्रा दावली. त्यानं असं करावं? मला झोप न्हाई तेच्यामुळं. कुणी दुसऱ्यानं केलं असतं तर रडून मोकळी झाले असते."

कस्तुरा उठली. जे मागायला आली होती ते तिच्या ओठावर आलं आणि तिथंच वाळलं. ही बाई खरं बोलणार होती, आणि त्या खऱ्यानं अपघात पुसला जाणार होता. मग उरणार होता खून, आणि कबूल करून बसलेला जयसिंग.

५

घरी दुपारची सामसूम होती. सासूबाई पडल्या होत्या. मागच्या पडवीत थोरली जाऊ सोजराबाई शेंगा फोडत बसली होती. कस्तुरा तिच्याशेजारी बसली, मूठभर शेंगा ओढून घेतल्या आणि आडून विचारलं. छबूला रात्री दचकायला होतं, भावजींनी दसऱ्याला निमगावचा भंडारा आणला होता त्यातला चिमूटभर द्या, कपाळाला लावीन.

सोजराबाईची बोटं थबकली.

खंडोबाला जाऊन आलेला माणूस रिकाम्या हातानं घरी येत नाही. भंडारा नि खोबऱ्याची पुडी आधी देवघरात ठेवायची, मग लहानथोरांच्या कपाळाला लावायची. या घरात तर पाळण्यातल्या पोरालाही चुकत नसे. त्या दुपारी मात्र रंगरावाच्या कपाळावर भंडारा होता आणि बाकी कुणाच्याच नव्हता. पोलिसांच्या गडबडीत ते कुणाला दिसलं नाही. कस्तुराला दिसलं होतं, पण कळलं नव्हतं. संध्याकाळी दिवा लावताना देवघरातली भंडाऱ्याची डबी रिकामी बघून तिनं मनात मांजराला बोल लावला होता.

"जाऊबाई, भावजी निमगावला गेलेच नव्हते ना?"

सोजराबाईनं पुढ्यातली टरफलं बाजूला सारली. मग एकदम हळू बोलायला लागली, जशी काही वाट बघतच होती कुणी विचारायची. बार झाल्यावर तुम्ही सगळ्या पुढच्या दारानं धावलात, हे मागच्या दारानं आले. भुवई फाटलेली, डोळ्यात रक्त. दिसत नव्हतं त्यांना. मी हातात आली ती डबी उपडी केली जखमेवर. रक्त थांबलं. मग तेच म्हणाले, सगळ्या कपाळाला लाव. मळा ओलांडून हायवेला गेले, दुपारपर्यंत कुठं बसले देव जाणे.

"मला तीन पोरं हायती, कस्तुरा," एवढं म्हणून ती पुन्हा शेंगा फोडायला लागली.

तेवढ्यात रंगराव दारात येऊन उभा राहिला. चौकट त्याला ठेंगणी पडायची, म्हणून मान पुढं काढून. भंडारा केव्हाच धुतला गेला होता. उजव्या भुवईवर खपली निघालेली गुलाबी कोर होती. नखाएवढी. कॅम्पातल्या दुकानात छबूनं बोट लावून बघितली होती तशीच.

त्यानं विचारलं, केव्हा आलात. कस्तुरानं पदर सावरला आणि सांगितलं, आत्ताच, आणि निघालेच आहे. तिचा आवाज तिला अगदी नेहमीचा वाटला, याचंच तिला नवल वाटलं.

रंगराव बाजूला झाला नाही.

"जयसिंगला सांगा, धीर धर," तो म्हणाला. "मी हाय म्हणावं. लायसनवाल्याला कायदा सांभाळून घेतो. म्हणून तर काढायला लावलं."

बोलून गेल्यावर तो वाटेतून सरकला. कस्तुरा त्याच्या अंगाला अंग लागू न देता बाहेर पडली. बांधापर्यंत पोचली तेव्हा तिला त्या वाक्याचा अर्थ लागला आणि ती तिथंच बसली.

डुकरांसाठी नव्हतंच ते. लायसन धाकट्याच्या नावावर, रायफल धाकट्याची, पीक राखायचा हक्क धाकट्याचा. माणूस पडला की अपघात म्हणायला कागदपत्रं आधीपासून तयार. खंडेनवमीला हत्यार कुलपाबाहेर येतं, दसऱ्याच्या पहाटे भिवा त्या वाटेनं जातो. जयसिंग परवानगीसाठी कचेरीच्या पायऱ्या झिजवत होता, तेव्हा कुणीतरी त्याच्याच हातानं त्याची बेडी घडवून घेत होतं. एकच गोष्ट रंगरावाला ठाऊक नव्हती. बट आता धाकट्याच्या हाताएवढीच उरली होती, आणि दुर्बीण त्याच्या आखूड मानेसाठी मागं सरकवलेली होती. लांब मानेच्या माणसानं तिला डोळा लावला की ती चावणारच होती.

६

कोठडीच्या गजाआड जयसिंग अजून बुटका वाटत होता. दाढी वाढली होती. त्यानं आधी छबूचं विचारलं. जेवते का, शाळेत जाते का, खोकला गेला का. कस्तुरानं सगळ्याची उत्तरं दिली. मग तिनं जे जे तिला कळलं ते एका दमात सांगितलं. कुंकू, भुवई, डबी, लायसन. ती सांगत होती तेव्हा तिला वाटत होतं, की आता त्याचा चेहरा उतरेल, तो हादरेल, आबांनी असं केलं म्हणून रडेल. मग ती गजातून हात घालून त्याला धरणार होती.

यातलं काहीच झालं नाही.

तो म्हणाला की बार ऐकून तोच आधी धावला होता. आबा बांधावर बसले होते, डोळा धरून. म्हणाले, चूक झाली, मला डुक्कर वाटलं, माझ्याकडं लायसन न्हाई, तू उडवली म्हण, तुला सोडतील. मी म्हटलं बरं.

"आणि तुम्हाला खरं वाटलं?"

जयसिंग गजावरचा गंज नखानं खरवडायला लागला.

"अहो, मी विचारतेय. त्या दुर्बिणीतनं पानवाल्याच्या मिशा मोजल्या होत्या तुम्ही. त्यांना डुक्कर दिसलं?"

"मी भिवादाजवळ गेलो होतो," तो शेवटी म्हणाला. खाली बघत. "उताणे पडले होते. कपडे पांढरे होते. उजाडत होतं. मला तेव्हाच कळलं."

बाहेर कुणीतरी हवालदार चहावाल्याशी हुज्जत घालत होता. कस्तुराला ते सगळं स्पष्ट ऐकू येत होतं.

"तेव्हाच कळलं," ती म्हणाली.

"आबांनी मला वाढवलं, कस्तुरा. त्यांची तीन पोरं."

"आणि आपली एक."

"तू आहेस की तिला," तो म्हणाला. किती सहज म्हणाला. आणि मग, समजूत घालावी तशा सुरात, "तू काही बोलू नकोस. मी निभावून नेतो. बाहेर आलो की भोसरीला जाऊ, आपली खोली आपण."

दुर्बिणीचा एक स्क्रू बसवायला ज्यानं सरकारची परवानगी आणली होती, तो माणूस मेलेल्याच्या अंगावरचा पांढरा सदरा पाहून बरं म्हणाला होता. कस्तुरा त्याच्याकडं बघत राहिली. हा हात, ही बोटं, या हाताच्या बाह्यांना गेली सहा वर्षं ती बटणं लावत आली होती. तिला वाटलं होतं, या माणसाचं माप आपल्याला पाठ आहे.

ती उठली. बाहेरच्या बाकावर सोपानराव दम लागून बसले होते. ती त्यांच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली की दुर्बिणीला मी कुंकू लावलं नव्हतं.

७

पुढचं सगळं भराभर झालं, आणि कस्तुराला मात्र फार सावकाश वाटलं.

सोपानरावांनी रंगरावाला समोर बसवून रायफल खांद्याला लावायला सांगितली, रिकामीच. त्याची मान आपोआप पुढं गेली आणि दुर्बिणीची कड बरोबर त्या गुलाबी कोरीवर बसली. तपासणीत कडेचा डाग माणसाच्या रक्ताचा निघाला. निमगावच्या वाटेवर त्याला कुणी बघितलेलं नव्हतं. रंगरावाला अटक झाली. सोजराबाईनं आधी नाही म्हटलं, मग हो म्हटलं, मग पोरांना पोटाशी धरून बसली. अण्णासाहेबांनी कस्तुराचं नाव घरात घ्यायचं नाही म्हणून सांगितलं. सासूबाईंनी तिच्या लुगड्यांची ट्रंक एस.टी.च्या टपावरून पाठवून दिली, वर एक दोरीसुद्धा न बांधता.

गिरजाबाई एकदा भोसरीत तिच्या खोलीवर आली. जबाब देऊन परत जात होती. चहा प्याली. आभार मानले नाहीत. खरं सांगितल्याचे कसले उपकार, असं तिच्या चेहऱ्यावरच होतं, आणि ते कस्तुराला बरंच वाटलं. जाताना तिनं छबूच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि हात काढून घ्यायला तिला जरा वेळ लागला.

जयसिंग जामिनावर सुटला. खोटं सांगितल्याची, हत्यार मोकळं ठेवल्याची केस त्याच्यावर राहिली, पण जन्मठेपेचं सावट गेलं. त्या दिवशी कस्तुरानं सांज्याच्या पोळ्या केल्या, त्याला आवडतात म्हणून. छबूला लाल झगा घातला. संध्याकाळची शिफ्ट सुटली, इस्टेटीतली माणसं सायकलींवरून घराघरांत गेली, चाळीत दिवे लागले.

तो आला नाही. रात्री कनीजच्या नवऱ्यानं, फारूकनं, खाली मान घालून निरोप सांगितला. जयसिंगभाऊ थेट वाडीवर गेले. तिकडं आता कर्ता पुरुष नाही, म्हातारा आंधळा, वहिनीची तीन पोरं. कारखान्यात राजीनामा पाठवला. तुमच्यासाठी निरोप असा, की इकडं येऊ नका.

एवढाच का, कस्तुरानं विचारलं. एवढाच, फारूक म्हणाला. मग त्याला दया आली असावी. मुलीची चौकशी केली होती, असं त्यानं जोडलं. ते खोटं होतं, हे दोघांनाही कळलं.

पोळ्या तिनं झाकून ठेवल्या. छबूची वेणी सोडली, झगा काढून घडी केली, तिला अंथरुणावर घेतलं. छबूनं नेहमीसारखा पदर मुठीत धरला, पण डोळे मिटले नाहीत. छपराकडं बघत ती कितीतरी वेळ काहीतरी जुळवत होती.

"आई, बाबा सुटले ना?"

"हो."

"तू फौजदारांना खरं सांगितलंस म्हणून?"

"हो, राणी. झोप आता."

छबू कुशीवर वळली. तिचा श्वास कस्तुराच्या गळ्याशी येत होता.

"मग तू सांगितलं नसतंस, तर बाबा कधीतरी आपल्याकडं आले असते का गं?"